पहिली घागर

"थांबा मॅडम, चावी फिरवू नका अजून! पोरीला तं येऊ द्या," खालच्या बिऱ्हाडातल्या इंदूमावशी ओट्यावरून ओरडल्या.

मी फाटकाजवळच्या खड्ड्यापाशी उकिडवी बसले होते. हातात लांब दांड्याची लोखंडी चावी, तिचं तोंड व्हॉल्व्हच्या चौकोनी डोक्यावर बसलेलं. अकराला थोडा अवकाश होता. आमच्या भागाला पाणी तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराला यायचं आणि पाऊण तासात जायचं.

"मावशी, मी कुठे पळून चालले?"

"तुम्ही नाही हो, पाणी पळतं."

भारती बाहेर आली. त्यांची एकुलती एक मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सातवा महिना लागला होता, तरी चाल अजून तुरतुरीत होती. कमरेवर चिंचेने घासून लख्ख केलेली पितळी घागर होती. मावशींनी तिच्या हातून ती काढून घेतली, घागरीच्या गळ्याला हळदीकुंकवाची बोटं लावली आणि अंगणातल्या नळाखाली ठेवली.

"एवढा थाट?" वरच्या कठड्यावरून महाजन म्हणाले. ते एसटीच्या डेपोत क्लार्क होते, आणि आमच्या इमारतीत बोलायचं काम बहुतेक त्यांच्याकडेच असायचं. "पाणी येऊन राहिलं की जावई?"

"जावई आले असते तं तुम्हाला खाली बोलावून त्यांचे पाय धुवायला लावले असते, काका," भारतीने वर न बघताच उत्तर दिलं.

मी चावी फिरवली. नळातून आधी शिट्टीसारखा आवाज करत हवा आली, मग अडखळत पाणी. मावशींनी तांब्याभर पाण्याने घागर विसळली आणि धार आत धरली. पाणी अगदी काचेसारखं होतं. मी तिथेच उभी राहून ते पाहिलं, आणि मला बरं वाटलं.

जिन्याखालच्या फळ्यावर माझ्या अक्षरात तीन ओळी होत्या. हौदाचे पाणी पिऊ नये. पिण्याचे पाणी अंगणातील नळावरच भरावे. पहिली घागर भारतीची.

हे सगळं तीन दिवसांपूर्वी ठरलं होतं. ठरवलं होतं मी.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. तापीकाठच्या त्या तालुक्याच्या गावात ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवत होते आणि अप्पा वारक्यांच्या दुमजली इमारतीत वरची एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. खाली दोन बिऱ्हाडं, वर तीन. अप्पा स्वतः गावाच्या दुसऱ्या टोकाला मळ्यात राहायचे. पाण्याच्या दिवशी सायकल मारत यायचे आणि व्हॉल्व्ह उघडायचे. त्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. फेब्रुवारीत एकदा जिना चढून धापा टाकत माझ्या दारात आले आणि चावी माझ्या उंबऱ्यावर ठेवली.

"मॅडम, तुम्ही मोजूनमापून राहणाऱ्या बाई. दुसऱ्या कोणाच्या हातात ही दिली तं रोजचं महाभारत. तेवढं पाण्याचं बघा."

मी बघू लागले. पाण्याबरोबर मोटर आली, गच्चीवरची टाकी आली, जिन्यातला दिवा, गळणाऱ्या तोट्यांचे वायसर, मीटरचे आकडे, सगळंच आलं. हौद भरल्यावर मोटर किती मिनिटं चालवायची ते मी ठरवून दिलं, तेव्हापासून गच्चीवरून पाणी वाहून जाणं थांबलं. लोक नाव काढायचे. खोटं का बोलू, मला ते आवडायचं.

एप्रिलच्या मध्याला मागच्या गल्लीत कावीळ निघाली. आधी दोघं, आठवड्यात अकरा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई घरोघर फिरत होत्या. आमच्या ओट्यावर त्यांनी भारतीला पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"ही पाण्यातून येणारी कावीळ आहे. बाकीचे लोक महिन्याभरात उठून बसतात. पण दिवस गेलेल्या बाईला झाली, आणि शेवटच्या महिन्यांत झाली, तर पाचातली एक हाती लागत नाही. तिला पाणी सांभाळून द्या."

त्यांनी ते मावशींना सांगितलं नाही, मला सांगितलं. फळ्यावर पाण्याच्या वेळा माझ्या अक्षरात असायच्या, चावी माझ्याकडे होती. मीच मावशींना सांगितलं, आकडा न सांगता.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून क्लोरीन तपासायची पेटी आणली. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळं होतं, म्हणजे जंतू मेलेले असण्याची शक्यता चांगली. नसेल तर पाणी तसंच राहतं. हौदाचं पाणी तसंच राहिलं. गच्चीवरच्या टाकीचंही.

पाणी आलं त्या दिवशी मी अंगणातला नळ तपासला. तो नळ थेट रस्त्याच्या पाइपवर होता, हौदाच्या आधी. व्हॉल्व्ह उघडला, हौदाचा कॉक पाहिला, मोटर सुरू केली, गच्चीवर जाऊन टाकीत धार पडतेय ना ते बघून आले, आणि मग नळी घेऊन अंगणात बसले. तोवर अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. थेंब पडताच पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं.

"हे काय आता?" मावशी वाकून बघत होत्या.

"हे चांगलं, मावशी. ह्यात औषध आहे. हौदातलं मात्र कोणी प्यायचं नाही, ते धुण्याभांड्याला."

"मंग हे उकळायचं का? उकळलेलं पाणी पोरीला उतरतच नाही हो. घोट घेतला की भडभडून येतं. काल दिवसभर तांब्याभर पाणी पोटात नाही तिच्या."

मी नळी उजेडात धरली होती. रंग पेटीतल्या रंगांच्या पत्रिकेशी लावून पाहिला. बरोबर हवा तितका होता.

"नाही," मी म्हटलं. "ह्याला उकळायची गरज नाही."

"तुम्ही सांगता म्हणजे झालं."

राहिला प्रश्न रांगेचा. पाच घरं, एक नळ, आणि भरउन्हात भारती किती वेळ उभी राहणार? मावशी म्हणाल्या, त्यांच्या गावी नव्या पाण्याची पहिली घागर घरातल्या दिवस गेलेल्या बाईची असते. तिच्या आधी कोणी भांडं लावत नाही. महाजनबाई लगेच म्हणाल्या, "बरोबरच आहे ना. आपण मागून भरू." कोणाची कुरकुर नाही. मी खडू घेतला आणि तिसरी ओळ लिहिली.

ती घागर एकट्या भारतीची असायची. तिच्या खोलीत तिवईवर ठेवलेली, वर ओला फडका. मावशी स्वतःचं पाणी सगळ्यांच्या शेवटी भरायच्या.

भारतीला मी आवडायचे की माझी गंमत वाटायची, हे मला कधी नीट कळलं नाही. दुपारी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायची, कारण तिथे वारा लागायचा, आणि मी कॉलेजातून आले की अडवायची.

"मॅडम, तुमच्या त्या पेटीत लग्नाचं औषध नसतं का? दोन थेंब टाकले की नवरा पिवळा होतो, असं?"

"पिवळा झालेला नवरा काय कामाचा?"

"हळदीतला हो!" ती इतकी हसायची की पोट धरावं लागायचं. "पोरगा झाला तं तुमच्याकडे शिकवणीला पाठवीन. पोरगी झाली तं रशीदभाई प्लंबरकडे. आजकाल मान तिकडंच आहे."

एकदा पाणी जायच्या सुमाराला तिने मला हाक मारली. नळाची धार बारीक होत होत थांबली होती आणि मी व्हॉल्व्ह बंद करायला निघाले होते.

"आधी इकडं या. एक गंमत दाखवते." तिने नळाच्या तोंडावर तळहात दाबून धरला होता. "तुम्ही ठेवा हात."

मी ठेवला. नळाने तळहाताची कातडी आत ओढली. हळूच, पण सोडेना.

"नळ हात धरतो," भारती म्हणाली. "लहानपणापासून मला भीती वाटायची. आई म्हणायची, पाण्याला माणूस ओळखू येतो."

"त्यात भिण्यासारखं काही नाही. पाणी उताराकडे परत जातं, पाइप रिकामा होतो, आतला दाब कमी पडतो. मग जे मिळेल ते तो आत ओढून घेतो."

"काय मिळेल ते?"

"हवा, पाणी, काहीही. जिथे वाट असेल तिथून."

"हावरटच म्हणायचा मंग. आमच्या सासूबाईंसारखा."

वर्गात एखाद्या मुलीला नेमका प्रश्न पडावा आणि आपल्याकडे नेमकं उत्तर असावं, तसं समाधान मला वाटलं. मी व्हॉल्व्ह बंद केला, चावी खिळ्याला अडकवली आणि हात धुऊन जेवायला बसले.

मे महिना लागला. मागच्या गल्लीतली एक बाई गेली. आठवा महिना होता तिचा. सकाळी तिला नेताना रडारड ऐकू आली तेव्हा मावशींनी भारतीच्या खोलीची खिडकी लावून घेतली आणि रेडिओ मोठा केला. भारती आतून म्हणाली, "आई, मला ऐकू आलंय. रेडिओ बंद कर, भजन लागलंय."

त्या दिवशी मी पुन्हा नळ तपासला. सगळी कामं उरकून, अकरा वीसला. पिवळं. मी मावशींना नळी दाखवली.

"बघा. आपल्याकडे काळजी नाही."

"मी आजपासून तिला दोन घागरी भरू का? तोंड धुवायला, चूळ भरायलासुद्धा हेच देते. हौदाचं पाणी तिच्या अंगालाच नको."

"भरा," मी म्हटलं, आणि फळ्यावर 'पहिली घागर' पुसून 'पहिल्या दोन घागरी' लिहिलं.

पंधरा दिवस काही झालं नाही. इमारतीत कोणाचं डोकंसुद्धा दुखलं नाही. अप्पा एका रविवारी रिक्षाने आले, ओट्यावर बसून कलिंगड खाल्लं आणि म्हणाले, "गावात दर दुसऱ्या घरात कोणी ना कोणी पिवळं पडून राहिलं. आणि माझ्या इमारतीत पाहा. ह्याला म्हणतात बाई!" त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. भारतीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तिच्या पुढ्यातली कलिंगडाची फोड तशीच होती, पण ते मला रात्री अंथरुणावर आठवलं.

तीन दिवसांनी मी कॉलेजातून आले तेव्हा ती तिसऱ्या पायरीवर नव्हती. वर, माझ्या दाराशी बसली होती. एवढा जिना ती त्या महिन्यांत कधी चढली नव्हती.

"मॅडम, उजेडात या जरा. माझे डोळे बघा." आवाज खाली होता. "आईला नका सांगू एवढ्यात."

मी तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळसर झाक होती. फार नाही. पत्रिकेशी लावायची असती तर सगळ्यात फिकट चौकटीशी जुळली असती.

"कधीपासून?"

"जेवण चार दिवस जात नाही. अंगाला खाज सुटते. मला वाटलं, होत असेल."

"बाहेर कुठे पाणी प्यायलीस?"

"नाही."

"रसवंती? लग्नाला गेली होतीस गेल्या महिन्यात, तिथे सरबत?"

"नाही ना हो. लग्नात आईने माझं पाणी बाटलीतून नेलं होतं. देवाशपथ, मॅडम. हौदाचा एक थेंब नाही. तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं मी." तिने माझं मनगट पकडलं. "मी काही चुकले नाही."

मला ते खरं वाटलं नाही. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना सगळ्यात जड तेच जातं. घाबरलेली ती मुलगी माझ्यापुढे शपथ घेत होती, आणि मी मनात म्हणत होते, कुठेतरी प्यायली असणार, सांगत नाही. माझी चाचणी चुकली असेल, असं एकदाही डोक्यात आलं नाही. ती खोटं बोलत असेल, हे मानणं मला सोपं गेलं.

"पुढचं पुढे. आधी दवाखान्यात जाऊ," मी म्हटलं, आणि ते कोरडेपणाने म्हटलं. तिला ते कळलं. तिने मनगट सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवायला सांगितलं. जावई आले. मावशींनी पिशवी भरली, आणि पिशवीत एक कॅन ठेवला.

"हे काय, मावशी?"

"पाणी. आपल्या नळाचं. तिथलं कसं असेल कोणास ठाऊक."

मी कॅन हातात घेऊन जीपमध्ये नेऊन ठेवला.

नंतरचे चार दिवस मी हौदाच्या मागे लागले. माझी खात्री होती की दोष तिथेच आहे. हौद उपसला, चुना लावून घासून घेतला, टाकी धुऊन घेतली. धुण्याच्या पाण्यात हात घालून तोच तोंडाला लागला असेल, भाजी त्या पाण्याने धुतली असेल, असे एकेक तर्क मी जुळवत होते. महाजन कठड्यावरून नुसते बघत होते.

अप्पांनी रशीदभाईला पाठवलं. पन्नाशीचा माणूस, गावातला अर्धा पाइप त्याच्या हातून गेलेला. हौदाच्या तोटीला जोर कमी आहे, एवढंच त्याला सांगितलं होतं. तो हौदाकडे गेलाच नाही. फाटकाबाहेर गेला, रस्त्याच्या कडेची नाली बघितली, आणि बसकण मारून त्याने फावड्याने गाळ बाजूला ओढायला सुरुवात केली. नाली मार्चपासून तुंबलेली होती. सगळ्या गल्लीचं सांडपाणी आणि त्यात काय काय ते. रोज मी तिच्यावरून उडी मारून कॉलेजला जात होते.

"मॅडम, या इकडे. नाकाला पदर लावा."

गाळाखाली पाइप होता. आमचा एकट्याचा नाही, गल्लीचा. नालीच्या पोटातूनच पुढे गेलेला. एका सांध्यावर गंजाने बोटभर फट पडली होती.

"असे दहा-वीस असतील पुढे," तो म्हणाला.

"पण नळाला पाणी चांगलं आहे. मी तपासलंय. दोन वेळा."

"चांगलंच येणार. पाणी चालू असतं तेव्हा जोर आतून बाहेर. फटीतून बाहेरच उडतं. पाणी बंद झालं की उलटं. मग पाइप नाली पितो. तीन दिवस पितच असतो." त्याने फावडं टेकवलं. "मग पाणी सुटलं की ते सगळं आधी बाहेर येतं. म्हणून तर आम्ही लोक पहिलं पाणी बैलालाही नाही पाजत. थोडा वेळ वाहू द्यायचं, मग भांडं लावायचं. दिसायला साफच दिसतं, आता काय सांगावं."

तो पाण्याचा दिवस होता. साडेदहा वाजले होते.

मी खोलीत जाऊन पेटी आणली. नऊ नळ्या धुऊन अंगणात ओळीने ठेवल्या. रशीदभाईने चावी घेतली आणि मी नळाशी बसले. शिट्टी वाजली, हवा आली, पाणी आलं, स्वच्छ. मी पहिली नळी भरली. थेंब टाकले. काही झालं नाही. दोन मिनिटांनी दुसरी. काही नाही. तिसरी. चौथी. सहा मिनिटं झाली होती, आणि मी शिशी तशीच धरून बसले होते. रशीदभाईने माझ्या हातून शिशी घेतली आणि मी सांगेन तसे थेंब टाकत गेला. आठव्या मिनिटाला अगदी पुसट, वाटलं तर वाटलं असं. दहाव्याला लिंबाच्या सालीसारखं पिवळं.

त्या नळाची घागर पाच मिनिटांत भरायची. दोन घागरींना दहा मिनिटं. एकच होती तेव्हाही सगळ्यात घाण पाणी तिच्यातच जायचं.

मी त्या नळ्यांकडे बघत बसले. नळाने तळहात ओढला होता तेव्हा मी तिला काय सांगितलं होतं, ते शब्दाला शब्द आठवलं. रशीदभाईला वाटलं ऊन लागलं. त्याने माझ्या डोक्यावर पाणी शिंपडलं.

दुपारी तीनला महाजन डेपोतून सायकलने आले. एरवी ते जिन्यापासून बोलत यायचे. त्या दिवशी त्यांनी सायकल भिंतीला लावली, तिची घंटी एकदा चुकून वाजली, आणि ते तिथेच उभे राहिले. जिल्ह्याहून डेपोत फोन आला होता. पहाटे मुलगी झाली होती, आठव्या महिन्याची, जेमतेम पावणेदोन किलोची, पण रडली होती. भारती बाळंत व्हायच्या आधीच बेशुद्ध झाली होती. दहा वाजता ती गेली.

"दहा वाजता," ते पुन्हा म्हणाले, आणि कठड्याला धरून वर गेले.

तेराव्यानंतर मावशी बाळाला घेऊन परत आल्या. जावयांच्या घरी बघणारं कोणी नव्हतं. अप्पाही त्या दिवशी आले. इमारतीतले सगळे अंगणात बसले होते. अप्पांना गप्प बसवेना.

"पोरीचं नशीब, दुसरं काय. तिनं बाहेर काही प्यायलं असेल. नाहीतर बाकीच्यांना का नाही बाधलं? ह्याच इमारतीत, ह्याच नळाचं पाणी सगळ्यांनी प्यायलं. चार बिऱ्हाडं, पोराबाळांसह अठरा माणसं. एकाला काही नाही." त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. "मॅडम होत्या म्हणून बाकीचे वाचले."

माना हलल्या. महाजनबाईंनी डोळे पुसले आणि माझा हात हातात घेतला. मावशी मान खाली घालून बाळाला मांडीवर झुलवत होत्या. त्यांनीही मान हलवली.

ते अठराजण का वाचले, हे त्या अंगणात मला एकटीला माहीत होतं. त्यांचं पाणी यायच्या आधी पाइप कोणीतरी धुऊन दिला होता. फळ्यावर लिहून, हळदीकुंकू लावून, सगळ्यांच्या संमतीने. रशीदभाईने तोंड उघडलं नव्हतं. त्याला घागरीचं काही ठाऊकच नव्हतं. मी गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं. भारतीने बाहेर काहीतरी प्यायलं, आईने इतकं सांगूनही ऐकलं नाही, हेच तिच्या नावावर कायमचं लागलं असतं.

लोक उठून गेल्यावर मी खाली उतरले. मावशींच्या खोलीचं दार उघडं होतं. त्या बाळाला कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होत्या. मी उंबऱ्यावर बसले.

"मावशी, भारतीने बाहेर काही प्यायलं नव्हतं."

त्यांनी वर बघितलं नाही. "मला माहीत आहे."

"ते पाणी आपल्याच नळाचं होतं. तिच्या घागरीतलं. पहिलं पाणी घाण असतं. नालीचं असतं. मी तपासायची ते मागून येणारं, ते स्वच्छ. मी तुम्हाला उकळू नका म्हटलं, मी पहिली घागर तिची लिहिली. मी तपासलं असतं त्या वेळी, तर कळलं असतं. चूक तिची नव्हती. तुमचीही नव्हती. माझी होती."

मी एका दमात बोलले. वर्गात पाठ केलेलं बोलतात तसं. त्यांनी बोळा वाटीत ठेवला. बाळाच्या ओठांवरचं दूध पदराने टिपलं. मला वाटलं, त्या ओरडतील. मला वाटलं, उठून मारतील. मी त्याची वाट बघत होते.

"थांबायला पाहिजे होतं का मंग? भांडं लावायच्या आधी?"

"हो."

"किती?"

"दहा मिनिटं."

त्यांनी बाळाला उचलून खांद्याशी धरलं आणि पाठीवरून हात फिरवू लागल्या. हात फिरत होता, नजर माझ्यावर होती.

"दहाच?" त्या म्हणाल्या.

"दहाच," मी म्हटलं.